शनिवार-रविवार समुद्राकाठी: बार्सिलोना की व्हॅलेन्सिया?

जर्मनीत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींमध्ये मे महिना उजाडला की एकच चर्चा सुरू होते. शुक्रवारी संध्याकाळचं विमान धरायचं, रविवारी रात्री परत यायचं, पण जायचं कुठे? समुद्र हवा, ऊन हवं आणि महिन्याचा खर्च कोलमडायला नको. फिरून फिरून गाडी स्पेनमधल्या दोन नावांवर येते: बार्सिलोना आणि व्हॅलेन्सिया. मी दोन्हीकडे जाऊन आलोय, तेही आमच्या पाच जणांच्या त्याच टोळक्याबरोबर. पासपोर्ट, रेसिडेन्स परमिट, केबिन बॅगेचं माप हे सगळं तुम्हाला पाठ असेलच, त्यात शिरत नाही.

आधी बार्सिलोनाबद्दल, कारण तिची बाजू खरोखर भक्कम आहे. साग्रादा फामिलिया हे तिथलं भव्य चर्च फोटोंत कितीही पाहिलेलं असो, आत पाऊल टाकलं की माणूस गप्प होतो. काम सुरू झालं १८८२ साली, त्याचा वास्तुकार गाउदी गेला १९२६ मध्ये, आणि आपल्या पिढीपर्यंत ते चालू राहिलं. तिकीट काढताना जमलं तर दुपारी उशिराचा स्लॉट घ्या. पूर्वेकडच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत, पश्चिमेकडच्या लाल-केशरी. ऊन उतरायला लागलं की पश्चिमेचा उजेड आत येतो आणि झाडांसारखे वर फाकलेले ते खांब एकेक करून नारिंगी होत जातात. आमच्यातली एक मैत्रीण आर्किटेक्चर शिकते. ती मान वर करून जी उभी राहिली, ती हलेचना. फक्त एवढ्यासाठी बार्सिलोनाला जायचं म्हणालात तरी मी अडवणार नाही.

शिवाय तिथे शनिवारी रात्रभर मेट्रो चालते. रात्री उशिरापर्यंत बाहेर राहायचा बेत असेल तर विद्यार्थ्यांच्या ग्रुपला याची किंमत कळते: टॅक्सीसाठी वर्गणी नाही आणि मुलींना परतीची चिंता नाही. फक्त दहा फेऱ्यांचं ते प्रसिद्ध तिकीट, टी-कॅज्युअल, एकाच माणसाला वापरता येतं, पाच जणांत वाटून घेता येत नाही; आणि विमानतळाच्या मेट्रोला ते चालतही नाही.

आता मला जे खटकलं ते सांगतो, कारण माझा कौल शेवटी त्यावरच फिरला. बार्सिलोनेता समुद्रकिनारा दिसायला सुंदर आहे, शहराला अगदी लागून आहे. १९९२ च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने इथल्या किनाऱ्याचा कायापालट झाला. पण किनाऱ्याजवळची खोली आमच्या खिशाला परवडणारी नव्हती. आमचं हॉस्टेल बरंच आत होतं, त्यामुळे समुद्रावर जायचं म्हणजे दिवसभराचं सगळं बरोबर घेऊन जायचं: पाच पाठपिशव्या, पाच फोन, पासपोर्ट, परमिटची कार्डं. आणि वाळूत टॉवेल अंथरला रे अंथरला की पहिला प्रश्न: ‘बॅगांपाशी कोण बसणार?’

खिसेकापूंबद्दल सगळेच बजावतात, हॉस्टेलच्या भिंतीवरही पाटी होती. परमिटचं कार्ड गेलं तर पुढे किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे सामान सोडून जायची कुणाची छाती होत नव्हती. मग पाळी लागली. जो बसायचा त्याला निवांत पडूनही राहता येत नसे, कारण दर थोड्या वेळाने कुणी ना कुणी पेयं नाहीतर रंगीत चादरी विकायला येई, आणि तेवढ्यात नजर हलली तर काय, ही धाकधूक असायचीच. आमचं काहीही चोरीला गेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्या सहलीतल्या समुद्राच्या प्रत्येक फोटोत चौघेच आहेत. पाचही जण एकदाही एकत्र पाण्यात उतरलो नाही, आणि मुळात आम्ही गेलो होतो ते त्यासाठीच.

व्हॅलेन्सियात हा प्रश्नच आला नाही. तिथलं पाणी निराळं नाही, चोरही असतीलच; फरक राहण्याच्या जागेचा होता. किनाऱ्याला लागून काबान्याल नावाची जुनी कोळ्यांची वस्ती आहे. बैठी, एक-दोन मजली घरं, दर्शनी भिंतींवर रंगीत टाइल्स, दारात खुर्च्या टाकून बसलेल्या आजीबाई. रस्ता समुद्रापर्यंत नेण्यासाठी यातली बरीच घरं पाडायची योजना होती, रहिवाशांनी वर्षानुवर्षं झगडून ती थांबवली. तिथे आम्हाला परवडेल अशी खोली मिळाली. सकाळी पायात चपला, खांद्यावर टॉवेल, चेनच्या खिशात एक किल्ली, बस्स. पाच जण चालत निघालो आणि पाचही जण पाण्यात. मालवारोसा या तिथल्या किनाऱ्याची वाळू रुंद आहे, आणि आम्ही उतरलो तिथे बरंच आत गेलो तरी पाणी कमरेएवढंच होतं, त्यामुळे पोहायला कच्ची असलेली मंडळीही खुशीत होती. विमानतळावरून पाच नंबरची मेट्रो थेट बंदराच्या बाजूला येते, हेही सोयीचं.

उरलेला दिवस सायकलवर घालवा. १९५७ च्या महापुरानंतर तुरिया नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली, आणि जुन्या कोरड्या पात्रात महामार्ग करायचा घाट लोकांनी हाणून पाडला. आज तिथे सुमारे ९ किलोमीटरची बाग आहे. तुम्ही नदीच्या तळातून सायकल चालवता आणि जुने दगडी पूल डोक्यावरून जातात. ऑक्टोबर २०२४ च्या पुरात त्याच वळवलेल्या पात्रामुळे मुख्य शहर वाचलं, पण पात्रापलीकडची गावं उद्ध्वस्त झाली, दोनशेहून जास्त माणसं गेली. हे ठाऊक असलं की ती बाग नुसती बाग म्हणून बघता येत नाही. पात्राच्या शेवटी वास्तुकार कालात्रावाच्या पांढऱ्याशुभ्र इमारती लागतात. त्या बाहेरून पाहायला पैसे पडत नाहीत, आणि माझ्या मते बाहेरूनच त्या जास्त चांगल्या दिसतात. तिथलंच मत्स्यालय मोठं आहे, पण तिकीट विद्यार्थ्याला जड जातं आणि अर्धा दिवस खातं.

जेवणात मी व्हॅलेन्सियाला उघड झुकतं माप देतो. पाएया, म्हणजे पसरट कढईत शिजवलेला भात, मूळची इथलीच, आणि इथे ती दुपारी खातात, रात्री नाही. अस्सल पाएयात कोंबडी, ससा आणि शेंगा असतात, मासळी नाही. आमच्यातल्या शाकाहारी दोघांनी भाज्यांची मागवली. त्यात चिकनचं पाणी घातलंय का तेवढं आधी विचारा. पसरट कढईच्या तळाची भाताची खरवड कोणी खायची यावरून आमच्यात जुंपली होती. त्यानंतर थंडगार ओर्चाता घ्या. शहराला लागून असलेल्या अल्बोरायाच्या शेतांत पिकणाऱ्या चुफाच्या गोड कंदांपासून ती करतात, दूध नसतं, आणि फार्तोन नावाचे लांबट मऊ गोड पाव त्यात बुडवून खायचे.

कमी काय आहे? जर्मनीतल्या लहान शहरांतून थेट विमानं बार्सिलोनाइतकी नाहीत. जुनं शहर आणि समुद्र यांच्यात चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे, त्यामुळे काबान्यालमध्ये राहिलात तर रात्री रुसाफा या गजबजलेल्या वस्तीच्या बाजूला जाऊन परत यायचा कंटाळा येऊ शकतो. आणि साग्रादा फामिलियाच्या तोडीचं तिथे काही नाही. ला लोन्हा, म्हणजे रेशीम व्यापाऱ्यांचा जुना बाजार, तिचे पीळदार खांब मला फार आवडले, तरी ती बरोबरी होत नाही. तुमच्या ग्रुपला पोहण्यात रस नसेल, किंवा स्पेनला पुन्हा येणं होईलसं वाटत नसेल, तर बार्सिलोनाच घ्या, आणि मुक्कामाच्या बिलावर माणशी दर रात्रीचा पर्यटक कर लागतो तो हिशोबात धरा. व्हॅलेन्सियात तो नाही.

व्हॅलेन्सिया ठरलं तर तारखा जपून निवडा. मार्चची सेमिस्टरची सुट्टी सोयीची वाटते, पण १५ ते १९ मार्च फायासचा उत्सव असतो. त्या दिवसांत खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात आणि समुद्रही गारच असतो. उन्हाळ्यात पाणी तापतं, तसे भावही तापतात. सप्टेंबरचा शेवट मला सगळ्यात बरा वाटतो, पाण्यात ऊब असते आणि गर्दी ओसरलेली असते. मध्यवर्ती बाजार रविवारी बंद असतो, तेव्हा तिथे शनिवारी सकाळीच जाऊन या. आणि काबान्यालमधल्या खोल्या मोजक्याच आहेत, म्हणून आधी खोली बघा, मग विमानाचं तिकीट काढा.