डोळ्यात कुटार, बुबुळावर बुरशी : नागपूरच्या धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्याचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

आधी एक स्टार काहून कापला ते सांगून टाकतो. पार्किंग. धंतोलीत ज्याने कधी गाडी लावली त्याला वेगळं सांगायची गरज नाही, तीन चकरा मारल्या, शेवटी बाबांना डोळ्यावर रुमाल धरलेल्या अवस्थेत गेटवर उतरवलं अन् गाडी पार यशवंत स्टेडियमकडे लावून आलो. अपॉइंटमेंट ११ ची, नंबर लागला दीड वाजता. रिसेप्शनवरच्या ताईंना किती वेळ आहे विचारलं की मान वर न करता "बसा" एवढंच. अन् स्क्रेपिंगचे (जखम खरवडून तपासायचे) पैसे वेगळे लागतात हे पावती हातात आल्यावरच कळते. झालं, तक्रार संपली, बाकी सगळं चांगलंच लिहायचं आहे.

आमचं शेत काटोलकडे. दसरा झाल्यावर सोयाबीन काढणं चालू होतं, बाबा थ्रेशरजवळ उभे होते अन् उडालेलं कुटार उजव्या डोळ्यात गेलं. बाबांनी डोळा चोळला, पाणी मारलं, "मले काई नाई झालं, कचरा गेला, निघून जाते" म्हणून पुन्हा कामाला. तिसऱ्या दिवशी डोळा लाल, सारखं पाणी, तर गावच्या मेडिकलमधून थेंब आणले. आता इथेच गडबड झाली बघा, त्या थेंबाने दोन दिवस लाली एकदम कमी झाली, सगळे खूश, अन् मग आठव्या दिवशी सकाळी बाबा खोलीतला लाईट बंद करा म्हणून ओरडायला लागले, उजेड सहनच होत नव्हता, ठणक डोक्यापर्यंत जात होती अन् त्या डोळ्याने समोरचं माणूस धुक्यात उभं असल्यासारखं दिसत होतं. मी नागपूरला असतो, फोनवर आईला म्हटलं डोळे आले असतील. नव्हते आले. डोळे येतात तेव्हा चिपडं येतात, बहुतेक दोन्ही डोळ्यांना होते, पण चिपडं पुसलं की दिसायचं बऱ्यापैकी दिसते. इथे एकच डोळा, दुखणं भयंकर, नजर कमी, अन् आईने बॅटरी मारून पाहिलं तर बुबुळावर पांढरा ठिपका. हे मला आता माहीत आहे, तेव्हा नव्हतं.

दवाखान्यात मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "काका, आतापर्यंत डोळ्यात काय काय टाकलं?" बाबांनी खिशातून ती बाटली काढून दिली. मॅडमनी लेबल वाचलं, बाटली स्वतःच्या बाजूला टेबलावर ठेवली अन् परत दिलीच नाही. त्यात स्टेरॉइड होतं. लाली, सूज दबते म्हणून बरं वाटते, पण आत बुरशी असेल तर तिला मोकळं रानच. हर्पीसच्या व्हायरसचं पण तसंच आहे म्हणाल्या, त्याची जखम झाडाच्या फांद्यांसारखी दिसते अन् त्यात स्टेरॉइड गेलं की पसरत जाते, त्याला व्हायरसचंच मलम किंवा गोळ्या लागतात. अन् ते बरं झाल्यावर पुन्हा पुन्हा उलटू शकते.

मग हनुवटी टेकवायचं ते मशीन. डोळ्याला नारिंगी कागदाची पट्टी लावली, निळा लाईट टाकला अन् स्क्रीनवर जखम हिरवीगार चमकायला लागली. मला जवळ बोलावून दाखवलं. ज्वारीच्या दाण्याएवढी पांढुरकी जागा, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या, बाजूला एक छोटासा ठिपका वेगळा, अन् बुबुळावरच्या पारदर्शक काचेच्या मागे तळाशी पूची बारीक रेघ. बाप्पा, पाहूनच पोटात गोळा आला. बुबुळावरची ही काच म्हणजे कॉर्निया, मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, किती खोल गेलं यावरच सगळं अवलंबून.

मला ह्या दवाखान्यातलं सगळ्यात जे पटलं ते हे, की अंदाजाने थेंब लिहून दिले नाहीत. सुन्न करायचा थेंब टाकला, बारीक ब्लेडने जखमेवरचं खरवडून घेतलं, थोडं काचपट्टीवर, थोडं कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून कोणता आहे ते बघायला. आम्ही बाहेर चहा पिऊन येईपर्यंत पट्टी मायक्रोस्कोपखाली पाहून झाली होती, बुरशीचे धागे. कल्चरचा रिपोर्ट पाच दिवसांनी आला, फ्युजॅरियम. ही बुरशी मातीत, पिकावर असतेच, काडी-कुटार लागून काचेला ओरखडा पडला की आत शिरते. बाबांना मात्र तो सुन्न करायचा थेंबच आवडला, "हाच द्या ना घरी न्यायला, ठणक एकदम बंद झाली." मॅडम हसल्या अन् साफ नाही म्हणाल्या, तो वारंवार टाकला तर जखम भरतच नाही.

औषध नॅटामायसिन ५ टक्के, बुरशी मारायचे थेंब. खालच्या मेडिकलवाल्याकडे त्या दिवशी नव्हतं तर म्हणे हे व्होरिकोनॅझोल घ्या, नवीन आहे, जास्त भारी आहे. मी वर जाऊन विचारून आलो म्हणून बरं. नंतर शोधून वाचलं तर मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलने ह्या दोन औषधांची तुलना केलेली आहे, २०१३ साली छापून आली, त्यात जुनं नॅटामायसिनच सरस ठरलं, अन् फ्युजॅरियमसाठी तर खासच. दोन दुकानं फिरून मेडिकल चौकात मिळालं.

पुढचं काम घरच्यांचं. दर तासाला थेंब, पहिल्या दोन रात्री दोन-दोन तासांनी उठून. माझी पाळी १२ अन् २ ची, आईची ४ ची, बायकोची ६ ची. बाटली हलवल्याशिवाय टाकायची नाही, औषध खाली बसते. टाकल्यावर डोळ्यात पांढरा थर दिसतो, आई घाबरली होती की पू वाढला, तो औषधाचाच असतो. ठणक कमी व्हायला अॅट्रोपीनचा थेंब, त्याने बाहुली मोठी होऊन अजूनच अंधुक दिसते, हे आधी सांगितलं होतं म्हणून धीर राहिला. फरक पहिल्या आठवड्यात काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात पूची रेघ गेली, जखम सुकायला सहा आठवडे लागले. फूल पडलंच, डाग राहिला, पण मधोमध नाही थोडा खाली आहे, त्यामुळे पेपरचे मथळे वाचतात, बारीक अक्षर नाही. डाग मध्ये असता तर बुबुळ बदलायची गोष्ट निघाली असती.

वेटिंगमध्ये शेजारी एक कॉलेजची पोट्टी बसली होती, लेन्स घालूनच झोपायची अन् डबी नळाच्या पाण्याने धुवायची. तिला स्युडोमोनास निघाला, हा बॅक्टेरिया एक-दोन दिवसांत काच पोखरतो, तिला त्याच दिवशी अँटिबायोटिकचे थेंब तासातासाला सुरू. नळाच्या पाण्यातून अकँथअमीबा नावाचा बारीक जीव पण येतो म्हणे, त्याचा इलाज कित्येक महिने चालतो. मी स्वतः लेन्स घालतो. घालायचो.

जाणार असाल तर आधी वापरलेल्या सगळ्या बाटल्या, मलमं सोबत न्या, लेन्स घालत असाल तर लेन्स अन् डबी पण न्या, ती पण तपासायला घेतात. अन् शक्यतो ऑटोने जा.