‘लाइफटाइम’ लाइटरूम विकणाऱ्यांपासून सावध राहा

लाइटरूम क्लासिक या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं ‘लाइफटाइम लायसन्स’ नावाची वस्तूच बाजारात नाही. ते बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीने ती कधी विकलीच नाही. एकदा पैसे मोजून कायमचं घेता येणारं शेवटचं लाइटरूम म्हणजे २०१५ सालचं लाइटरूम ६. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘क्लासिक’ हे नाव आलं, तेव्हापासून ते फक्त वर्गणीवर मिळतं. एवढं जरी फोटोग्राफरांच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन करून ठेवलं, तरी बरेच भामटे उपाशी मरतील.

आमचा कराडला लग्नाच्या फोटोंचा धंदा आहे, मी आणि माझा मेहुणा मिळून. लाइटरूम ६ वर आमचं बरं चाललं होतं. कॅननचा आर-सिक्स घेतला आणि गाडी अडली, कारण या कॅमेऱ्याच्या सीआर-थ्री प्रकारच्या रॉ (म्हणजे कॅमेऱ्यातून येणाऱ्या कच्च्या) फाइल्स जुन्या लाइटरूमला वाचताच येत नाहीत. त्याचं शेवटचं अपडेट डिसेंबर २०१७ चं, आणि सीआर-थ्री आली २०१८ मध्ये. ॲडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो, त्यातून फाइल्स जुन्या लाइटरूमला वाचता येणाऱ्या डीएनजी प्रकारात बदलून घेता येतात. पण सीझनमध्ये एकेका लग्नाचे हजारो फोटो बदलत बसायला वेळ कुणाला आहे? शिवाय हार्डडिस्कवर दुप्पट जागा जाते ती वेगळीच. नव्या क्लासिकमध्ये नवरा-नवरीला एका क्लिकवर मास्क करता (म्हणजे बाकी फोटोपासून वेगळं निवडता) येतं, आणि २०२३ पासून आलेला दाणे घालवणारा डिनॉइज तर वरातीतल्या अंधारात आयएसओ ६४०० ला काढलेल्या फोटोंचं सोनं करतो. (जुन्या ग्राफिक्स कार्डावर एकेका फोटोला चहा पिऊन यावं लागतं, हे मात्र कुणी सांगत नाही.) थोडक्यात, आम्हाला अपग्रेड हवंच होतं, आणि विकणाऱ्याने तेच हेरलं.

ग्रुपवर त्याची जाहिरात आली: ‘लाइटरूम ६ वाल्यांसाठी अपग्रेड ऑफर, लाइफटाइम, ३,५०० फक्त, बिलासहित.’ फोनवर बोलणं एकदम गोड. ‘दादा, तुम्ही काहीच करू नका, एनीडेस्क टाका, बाकी माझ्यावर सोडा.’ एनीडेस्क म्हणजे आपला कॉम्प्युटर दुसऱ्याला लांबून चालवू देणारं ॲप. त्यातून त्याने क्लासिक इन्स्टॉल केलं, जुना कॅटलॉग (लाइटरूमची फोटोंची नोंदवही) नव्यात घेतला, एका ईमेलने लॉग-इन केलं आणि पाचेक मिनिटांत बाहेर पडला. सॉफ्टवेअर अस्सलच होतं. क्रॅक नाही, व्हायरस नाही. फसवणुकीचा हा प्रकार ओळखू येत नाही, तो यामुळेच.

खोट होती खात्यात. हेल्प मेनू उघडला की साइन-आउटच्या पुढे खात्याचा ईमेल दिसतो. तिथे आमचं नाव नव्हतं, कुठल्या तरी कॉलेजचा पत्ता होता. संस्थेच्या नावावर घेतलेली खाती असे लोक फुटकळ भावात दहा जणांना वाटतात. त्याचा पुरावा आमच्या कॅटलॉगमध्येच येऊन पडला. एनीडेस्कवर असताना या पठ्ठ्याने सिंक, म्हणजे खात्यावरच्या फोटोंची इंटरनेटवरून आपोआप होणारी ये-जा, चालू ठेवलं होतं. एक दिवस फोल्डरांच्या यादीत ‘मोबाइल डाउनलोड्स’ नावाचं काहीतरी दिसलं. उघडलं तर कुणाच्या तरी बारशाचे फोटो! पाळणा, कुंच्यातलं बाळ, आत्याबाई... यातलं कुणीही आमच्या ओळखीचं नव्हतं. त्याच खात्यावरच्या कुणीतरी मोबाइलमधल्या लाइटरूममध्ये टाकलेले फोटो आमच्याकडे उतरले होते. आम्ही एखादं कलेक्शन सिंकला लावलं असतं, तर आमच्या गिऱ्हाइकांच्या लेकीसुनांचे फोटो असेच भलत्याच्या मोबाइलवर गेले असते. पैशांपेक्षा हे जास्त भयंकर आहे, असं माझं मत.

ऐन लग्नसराईत लाइटरूममधलं डेव्हलप मॉड्यूल, म्हणजे एडिटिंगचा भाग, बंद पडलं. त्याला फोन केला तर म्हणाला, ‘दादा, कंपनीने सर्व्हर रिन्यूअल काढलंय. आज दोन हजार भरा, नाहीतर तुमचे सगळे फोटो लॉक होतील.’ करिझ्मा अल्बमच्या डिझाइनसाठी दोन पार्ट्या डोक्यावर बसलेल्या, त्यामुळे मेहुण्याने लगेच जीपे केलं. दुसऱ्या एका ईमेलवर काही दिवस चाललं. मग तेही बंद, आणि त्याचा नंबरही बंद.

‘फोटो लॉक होतील’ ही शुद्ध थाप आहे. फोटो लाइटरूमच्या पोटात नसतातच. ते तुमच्या डिस्कवर, तुम्ही ठेवले त्या फोल्डरमध्ये जसेच्या तसे असतात. कॅटलॉगमध्ये असते ती फक्त नोंद: कुठला फोटो, किती एक्स्पोजर वाढवलं, कुठे क्रॉप केलं. वर्गणी संपली तरी क्लासिक उघडतं, फोटो बघता येतात, एक्स्पोर्टही करता येतात. बंद होतात ते डेव्हलप आणि मॅप (फोटो नकाशावर दाखवणारा भाग). त्या संध्याकाळी हे ठाऊक असतं तर ते दोन हजार वाचले असते. आता सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस दाबलं, की रॉ फाइलशेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाइल बसते आणि एडिटिंगची नोंद कॅटलॉगबाहेरही राहते. नव्या क्लासिकने बदललेला कॅटलॉग लाइटरूम ६ मध्ये परत उघडत नाही, म्हणून अपग्रेडच्या आधी जुन्या कॅटलॉगची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.

बिलाबद्दल. बिल खरंच आलं होतं, रंगीत, शिक्क्यासकट. जीएसटी क्रमांक महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होणारा. पण हा क्रमांक अक्षरं-आकडे मिळून १५ चा असतो, आणि या बिलावर होते १४. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून कुणालाही खरंखोटं बघता येतं, त्याला सीएची गरज नाही.

आता आम्ही अधिकृत साइटवरून, स्वतःच्या ईमेलवर वर्गणी घेतली आहे. ज्यांना दरमहा पैसे द्यायचे नाहीत, त्यांनी कॅननचं स्वतःचं डिजिटल फोटो प्रोफेशनल हे सॉफ्टवेअर बघावं. ते फुकट आहे आणि सीआर-थ्री उघडतं. डार्कटेबलही फुकट आहे, फक्त हात बसायला वेळ लागतो. एकदाच पैसे भरायचे असतील तर डीएक्सओ फोटोलॅब तसं मिळतं.

आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. याच तऱ्हेने कुणी गंडवलं असेल तर व्हॉट्सॲप चॅट रागाने डिलीट करू नका. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, बिलाचा फोटो आणि हेल्प मेनूमधला तो परका ईमेल, या तिन्हींचे स्क्रीनशॉट आधी काढा. एनीडेस्क काढून टाका आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बदला. तो तुमच्या कॉम्प्युटरवर बसून आणखी काय बघून गेला, हे तुम्हाला कळणार नाही.