डाळ मिलचा फिटर: पगारी ठेवावा की ठेक्यावर?

लातूर-उदगीर भागात मिल टाकणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न येतोच. मी दोन्ही करून पाहिलंय.

ठेक्याची बाजू कमजोर नाही. पावसाळ्यात मिल थंड पडली की पगाराचा भार नसतो, आणि वेल्डर, इलेक्ट्रिशियन एकाच माणसाकडे मिळतात. पगारी माणूस घेतला, की वीस कामगार असतील तर मालकाच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ आलाच. एक गोष्ट मात्र लोक धरत नाहीत. २५ किलोपेक्षा मोठ्या पोत्यातल्या डाळीवर जीएसटी नाही, म्हणून नोंदणीकृत ठेकेदाराच्या बिलावरचे १८ टक्के परत मिळत नाहीत. ते अंगावरच पडतात.

माझा निर्णय मात्र रोलवर, म्हणजे तुरीचं टरफल काढणाऱ्या खरखरीत दंडगोलावर झाला. ठेक्यात दर वेळी नवा पोरगा यायचा. बेअरिंग बदलायचा, मशीन चालू करून द्यायचा आणि निघून जायचा. पण तुरीच्या प्रत्येक लॉटला रोलची गॅप वेगळी लागते. थोडी आवळली की टुकडा, म्हणजे तुटलेली डाळ, वाढतो; सैल राहिली की दाण्यावर टरफल राहतं. मुकादम ओंजळीत डाळ घेऊन दाखवायचा, तेव्हा पोरगा दुसऱ्या मिलमध्ये असायचा. आणि भांडणार कशावर? ‘मशीन चालू करून देणे’ एवढं करारात लिहिता येतं. टुकडा सेटिंगमुळे पडला, ओलीमुळे की रोल झिजल्यामुळे, हे कोण ठरवणार?

बाजारातून काम करून घेण्यालाही खर्च असतो, असं रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञाने १९३७ साली मांडलं होतं: माणूस शोधणं, भाव ठरवणं, करार पाळला जातोय का ते बघणं. हा खर्च जास्त झाला की धंदा माणूस पदरी ठेवतो. मला ते तुरीच्या हंगामात पटलं. सगळ्या मिला एकाच वेळी चालतात, त्यामुळे फिटरची ओढाताणही तेव्हाच होते.

मिल हंगामापुरतीच चालवणार असाल, तर कदाचित ठेकाच परवडेल. मोटार रिवाइंडिंग आणि रोलला एमरी (घासणारा खरखरीत थर) चढवणं मीही बाहेरच देतो, कारण ते काम बघून, मोजून घेता येतं. फिटर मात्र पगारी आहे. पावसाळ्यात तो चाळण्या आणि एलिव्हेटरचे पट्टे उघडून बसतो. तुम्हीही घेणार असाल तर दिवाळीच्या आसपास घ्या, म्हणजे नवी तूर येईपर्यंत रोल त्याच्या हातात बसतील.