टो क्लिपचा सेट म्हणून दोन्ही उजवीच पेडलं विकली, नाशिकच्या सायकलवाल्यांनी बघून घ्या

नाशिकमध्ये जुन्या स्टीलच्या सायकली नीट करून चालवणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. एक माणूस "जपानी पेडल, टो क्लिप आणि लेदर स्ट्रॅपसकट पूर्ण सेट, न वापरलेला जुना स्टॉक" असं सांगून माल विकतोय. टो क्लिप म्हणजे पेडलच्या पुढे बसणारी, बुटाचं टोक धरून ठेवणारी कडी, ती पायावर आवळायला स्ट्रॅप म्हणजे पट्टा. माझे साडेतीन हजार गेले आणि माझ्या एका ओळखीच्या पोराचा तर क्रँकच, म्हणजे पेडल ज्यात बसतं तो दांडाच, कामातून गेला. फोटो एका वस्तूचा, पिशवीत वस्तू दुसरीच.

२०१५ ला आपल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून गावात सायकलचं वेड वाढलं ते वाढलंच. पहाटे गंगापूर रोडला किंवा त्र्यंबकच्या रस्त्याला उभं राहून बघा. आता एवढी मागणी झाल्यावर सुटे पार्ट विकणारेही वाढले, त्यात चांगले आहेत तसे असलेही आहेत.

मला टो क्लिपच हवी होती कारण रोज कंपनीत जायला सातपूरपर्यंत साधे बूट घालून सायकल चालवतो, क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा तुकडा तळाला असलेले, बूट घालून शॉपफ्लोरवर फिरता येत नाही, आणि चढाला पाय पेडलवरून सरकू नये एवढीच अपेक्षा. पण टो क्लिप कुठल्याही पेडलला लागत नाही हे आधी समजून घ्या, फसवणारे इथेच फायदा उचलतात. आपल्या काळ्या सायकलींना जे रबरी ठोकळ्यांचं पेडल असतं त्याला क्लिप लावायला जागाच नाही. हल्लीच्या एमटीबीच्या (डोंगरी सायकलच्या) रुंद पेडलवर खिळ्यांसारख्या पिना असतात, त्यात बुटाचा तळ अडकतो, पाय पुढे सरकवत क्लिपमध्ये घालताच येत नाही. क्लिपसाठी पिंजऱ्यासारखं पेडल लागतं, पुढच्या पट्टीला क्लिपचे बोल्ट बसतील अशी भोकं आणि दोन्ही बाजूंना स्ट्रॅप ओवायला फट. आणि एकाच बाजूने वापरायचं असेल तर मागच्या पट्टीला एक छोटी जीभ हवी. क्लिपच्या वजनाने पेडल नेहमी उलटं लटकतं, सिग्नल सुटला की बुटाच्या टोकाने ती जीभ दाबून पेडल सुलटं करायचं आणि पाय आत घालायचा. जीभ नसेल तर द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये पाय चाचपडत राहतो, क्लिप खाली स्पीडब्रेकरला घासते ती वेगळीच.

जाहिरातीतल्या फोटोत हे सगळं होतं. मिकाशिमाचे म्हणजे एमकेएसचे पेडल, स्वच्छ फोटो, जीभ दिसतेय, भोकं दिसतायत. मी फोनवर विचारलं की पेडलच्या दांडीवरच्या (क्रँकमध्ये फिरवून बसते ती) आट्यांचा फोटो पाठवता का, तर म्हणाला "सर सील पॅक आहे, उघडलं तर तुम्हीच म्हणाल वापरलेलं दिलं." बोलायला एकदम गोड. अर्धे पैसे आधी यूपीआयने मागितले, बाकीचे नाशिकरोड स्टेशनबाहेर माल देताना. संध्याकाळी उशिरा आला, गाडी सुटेल गाडी सुटेल करत पिशवी हातात दिली, बाकीचे पैसे घेतले आणि गेला.

दुसऱ्या दिवशी पंचवटीतल्या आमच्या सायकलवाल्या काकांकडे घेऊन गेलो. उजवं पेडल हाताने फिरवत सरळ आत गेलं. डावं पहिला आटाच धरेना. काकांनी क्रँकची भोकं पुसली, ग्रीस लावलं, परत बघितलं, नाही. पाना हातात होता पण लावला नाही. म्हणाले, "जोर लावायचा नाही साहेब, हे घेत नाहीये म्हणजे काहीतरी गडबड आहे." मग दोन्ही पेडलं शेजारी शेजारी उजेडात उभी धरली, आणि दोन्हींचे आटे एकाच दिशेने तिरके! दांडीच्या टोकाला इंग्रजी एल छापलेलं चंदेरी स्टिकर होतं, ते काकांनी नखाने खरवडलं, खाली धातूत ठोकलेलं आर निघालं. म्हणजे हे चुकून झालेलं नाही, कुणीतरी बसून आर वर एल चिकटवलाय. हे बघितल्यावर मला खरंच संताप आला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, उजवं पेडल नेहमीच्या आट्यांचं असतं आणि डावं उलट्या आट्यांचं, म्हणजे घट्ट करताना डावीकडे फिरवायचं. चालवताना दांडीवरचा दाब सारखा फिरत असतो आणि त्याने दांडी हळूहळू आट्यात सरकते, डाव्या बाजूला साधे आटे असते तर पेडल चालता चालता सैल होऊन निघून आलं असतं. ओळखायचं कसं तर दांडी वरच्या दिशेने उभी धरा, आटे उजवीकडे वर चढत असतील तर उजवं, डावीकडे चढत असतील तर डावं. दोन्ही सारखी दिसली तर ती जोडी नाहीच. माप दोन्हींचं एकच, बहुतेक सायकलींना ९/१६ इंच, इंचाला २० आटे, म्हणून नुसतं जाडी बघून काही कळत नाही.

आणि जोर लावला तर काय होतं ते त्या ओळखीच्या पोराकडे बघा. कॉलेजचा मुलगा, याच माणसाकडून घेतलेला सेट, घरीच लांब पाना लावून बसवला. पेडलची दांडी पोलादी, क्रँक ॲल्युमिनियमचा, दांडीने क्रँकचे आटे कापत नेले. पेडल बसल्यासारखं वाटलं पण वाकडं, आणि रस्त्यात उभं राहून चढ मारताना निसटलं. नशीब मागून गाडी नव्हती. शेवटी सातपूरला एका लेथवाल्याकडून भोक मोठं करून बुश (आतून आटे असलेली धातूची नळी) बसवून घेतला, त्यालाही पैसे गेलेच.

बाकी मालही तसलाच निघाला. मागची जीभ नाही. पुढच्या पट्टीला रिफ्लेक्टर रिव्हेटने ठोकलेला आणि त्याखाली एकच भोक, क्लिपला दोन बोल्ट लागतात. "लेदर" स्ट्रॅप म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेलं रेक्झिन, कडेला नख घातलं तर पापुद्रा सुटला. खऱ्या चामड्याच्या कापलेल्या कडेला बारीक तंतू दिसतात आणि वाकवलं तरी थर सुटत नाहीत. बक्कल ताण धरत नाही, ओढला की परत सरकतो. बॉक्सवर कंपनीचं नाव आहे पण आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, एमआरपी नाही, कुठल्या देशातला माल ते नाही. बाहेरून आलेल्या पॅक मालावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे कोरा बॉक्स दिसला तर तिथेच थांबा.

फोन केला तर आधी "तुमचाच क्रँक खराब असेल". स्टिकरखालचा आर दाखवणारा फोटो पाठवल्यावर सूर बदलला, "सर रिफंड करतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका." हे नीट वाचा, पैसे खात्यात यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. मी स्कॅन केला नाही, तर शिव्या दिल्या आणि नंबर ब्लॉक. पेडलमध्ये एकदा लुटलं आणि रिफंडच्या नावाने परत लुटायला बसला, त्या कॉलेजच्या पोरालाही हाच क्यूआर आला होता. म्हणून मला वाटतं हा याचा धंदाच आहे, कुठूनतरी उरलेला उजव्या पेडलांचा ढीग स्वस्तात उचललाय आणि जोड्या लावून खपवतोय.

मी १९३० ला फोन करून सायबर तक्रार नोंदवली, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट लागले. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला पण कळवलंय. पैसे अजून आलेले नाहीत.

आता कुणी असा सेट घेणार असेल तर पैसे द्यायच्या आधी दोन्ही दांड्या शेजारी उभ्या धरलेला फोटो मागा, मागची जीभ आणि पुढची दोन भोकं जवळून दाखव म्हणा, आणि आजची तारीख लिहिलेला कागद त्याच फोटोत ठेवायला सांगा, म्हणजे नेटवरून उचललेला फोटो चालणार नाही. ज्याच्याकडे खरा माल आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम आहे. क्लिपची साइज पण विचारा, एस एम एल येतात, बूट घातल्यावर टोकाला थोडी जागा राहून पंजाचा रुंद भाग बरोबर दांडीवर यायला हवा. आणि भेटून घेत असाल तर दिवसा, सायकल सोबत नेऊन, डावं पेडल हाताने चार-पाच आटे फिरवून बघून मगच बाकीचे पैसे.

ज्यांनी गेल्या काही महिन्यांत नाशिकरोडला भेटून असा सेट घेतलाय आणि अजून बसवला नाही, त्यांनी डाव्या पेडलला पाना लावू नका. स्टिकर काढायच्या आधी आणि काढल्यानंतर असे दोन्ही फोटो काढा, बॉक्स फेकू नका, चॅट डिलीट करू नका आणि १९३० ला आपली तक्रार नोंदवा. यूपीआय नंबर एकच निघाला तर सगळ्यांच्या तक्रारी एकत्र जोडायला सांगता येईल.