प्रौढांसाठी भाषावर्ग: खासगी शिकवणी की गट?

नोकरी सांभाळून नवी भाषा शिकू पाहणाऱ्या एका मैत्रिणीने खासगी शिकवणी लावावी की गटवर्गात जावे असे विचारले, तेव्हा मला सर्वांत आधी बोलण्याच्या वेळेचा हिशेब मांडावासा वाटला. 60 मिनिटांच्या तासाला 10 जण असतील आणि शिक्षक एकही शब्द बोलले नाहीत, तरी प्रत्येकाच्या वाट्याला 6 मिनिटेच येतात. खासगी तासात निम्मा वेळ सहज आपला असतो आणि चुकीचा उच्चार रुळण्याआधीच सुधारला जातो. शुल्क गटाचे कमी, कारण शिक्षकाचे मानधन वाटले जाते. पण प्रत्यक्ष बोललेल्या मिनिटामागे खर्च काढला, तर हा फरक बराच आटतो.

चिकाटीच्या बाबतीत मात्र माझा कल गटाकडे आहे. ठरलेला वार आणि वाट पाहणारे सहाध्यायी यांमुळे खाडे कमी होतात, शिवाय निरनिराळे आवाज समजून घेण्याची सवय लागते, जी एकाच शिक्षकाच्या संथ, ओळखीच्या बोलण्यातून लागत नाही. वेळ बदलण्याची मुभा खासगी शिकवणीतच मिळते.

मुलाखत, परीक्षा किंवा स्थलांतर तोंडावर आले असेल, तर खासगी शिकवणी घ्यावी. अगदी मुळाक्षरांपासून, सवडीने शिकणाऱ्याने लहान गट निवडावा आणि बोलताना अडखळणे जाणवू लागल्यावर महिन्यातून दोन खासगी तास त्याला जोडावेत.