सुभेदार साहेब की मामा? रोइंगच्या दोन बॅचपैकी कोणती घ्यावी

गोसेखुर्द धरणामुळे वैनगंगेचं पाणी जिथे तुंबून राहतं, त्या पट्ट्यातल्या आमच्या रोइंग क्लबात कोच तीन आहेत. निवड मात्र दोघांतच करायची असते. फी सारखी, बोटी त्याच, लाइफ जॅकेटांची सक्ती दोघांकडेही. फरक आहे तो कोण पाण्यापर्यंत कुठून आलं याचा. माझी मुलगी दोघांच्याही हाताखाली राहिली आहे.

तिसरे म्हणजे शाळेतले पीटीचे सर. मूळ खेळ कबड्डी, रोइंग शिबिरात शिकलेलं, येतात फक्त रविवारी. पण स्पर्धेचे अर्ज, वयाचे दाखले, नोकरीतल्या 5 टक्के क्रीडा आरक्षणाची कागदपत्रं हे सगळं त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. त्यांचा नंबर जपून ठेवा, बस.

सुभेदार साहेब फौजेतून निवृत्त. पुण्याला दापोडीच्या सीएमईत, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, लष्कराचं रोइंगचं केंद्र आहे, तिथे ते घडले. त्यांच्या गावात विहिरीपलीकडे पाणी नव्हतं, वल्हं फौजेनंच हातात दिलं. म्हणून दत्तू भोकनळ हे त्यांचं कायमचं उदाहरण. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, गाव दुष्काळी. पोरगा 2012 मध्ये फौजेत जातो, तिथे रोइंग शिकतो आणि 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्सला, म्हणजे एकट्यानं दोन वल्ही मारायच्या शर्यतीत, तेरावा येतो. पुढे 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्णपदक. साहेब यातून काढतात ते एवढंच, की आधी शरीर, पाणी मागाहून.

त्यामुळे नवीन पोर त्यांच्याकडे आधी काठावरच्या रोइंग मशीनवर बसतं. मशीनची ओढ जड-हलकी करायचा खटका दहावर नेऊन जोर दाखवणाऱ्या पोट्ट्यांना ते उठवतात. चारवर ठेव, जोर पायातून येऊ दे. पाय, मग पाठ, शेवटी हात हा क्रम त्यांच्या पोरांत इतका मुरलेला असतो की ती पाण्यात दूर असली तरी काठावरून ओळखू येतात. बोट पोराच्या मापाची करून देण्यात तर त्यांचा हात कोणी धरणार नाही. पाय टेकवायची फळी सरकवायला दहा नंबरचा पाना त्यांच्या खिशात असतोच. शिस्तीबद्दल वेगळं सांगायला नको.

मामा धिवर. घरचा डोंगा, बापाबरोबर मासेमारी, पुढे मच्छीमार सोसायटीचे सभासद. डोंगा उभ्यानं, बांबू रेटत, पुढे तोंड करून चालवायचा असतो. रोइंगमध्ये तुम्ही पाठमोरे बसता. हे उलटं बसणं मामा चाळिशीनंतर शिकले आणि खरं सांगायचं तर ते दिसतं. त्यांची पोरं हातानं ओढतात, पाय उशिरा लावतात. पाचशे मीटरला किती वेळ लागला याचा मामांना फारसा रस नाही, पोराला धाप किती लागली ते बघतात. ‘मामा पोरांना बिघडवतात’ असं साहेब खासगीत म्हणतात, त्यात थोडं तथ्य आहे. पण मामांकडे पोर पहिल्याच दिवशी पाण्यावर जातं. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम बोट उलटवतात, स्वतः पाण्यात उभे राहून. माझ्या मुलीची भीती तिथे गेली. मशीनवर ती गेली नसती असं मला वाटतं, इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो.

एवढ्यावर मी कदाचित साहेबांकडेच थांबलो असतो. पण मध्ये जलपर्णी आली.

नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्या पाण्यावर जलपर्णी पोसते आणि वारा फिरला की तिचे ताटवे रातोरात आमच्या घाटावर येऊन बसतात. रोइंगच्या बोटीला मागे खालून छोटं पातं असतं, ते त्यात अडकलं की बोट सरळ जात नाही. म्हणजे त्या दिवशी पाणी बंद. साहेब हा निर्णय घेतात पहाटे साडेपाचला, सगळी पोरं रांगेत उभी राहिल्यावर. मग बॅच मशीनवर. मशीन दोन, पोरं वीसच्या आसपास. आमचं गाव लांब. ऐन थंडीत पहाटे चारला उठवून, कानटोपी घालून पोरीला गाडीवर आणायचं, ते दहा मिनिटांच्या मशीनसाठी. मी विचारलं तर साहेब म्हणाले, ‘फौजेत हवा बघून हजेरी होत नाही.’ बरोबर आहे त्यांचं. पण माझी पोरगी फौजेत नाही, आठवीत आहे.

मामांचा फोन आदल्या संध्याकाळी येतो. ‘भाऊ, उद्या पोरीले आणू नका. वारा फिरते, सारा कचरा आपल्या घाटावर येते.’ कधी चुकतातही, आणि मग सकाळी घाट मोकळा होता असं नंतर कळतं. पण झोप तर झालेली असते. आणि पाण्याचा अंदाज आदल्या दिवशी घेणारा माणूस, पोर पाण्यात असताना वारा उठला तर तिला वेळेवर काठाला बोलावेल, हा विश्वास मला त्या फोनांतूनच आला.

तरीही तुमचा मुलगा सतरा-अठराचा असेल, उंच असेल आणि भरतीचं मनात असेल, तर साहेबांकडेच घाला. उंची मुद्दाम म्हटली. 2024 च्या पॅरिसनंतर ऑलिम्पिकमधून रोइंगचे हलक्या वजनाच्या खेळाडूंसाठीचे प्रकार गेले, बारीक अंगाच्या पोरांना तिथे वेगळी वाट उरली नाही. शाळकरी पोर, त्यातही मुलगी आणि गाव लांबचं असेल, तर माझा कल मामांकडे. पाय आधी लावण्याची सवय एखादा उन्हाळा साहेबांकडे पाठवून नंतरही लावता येईल, ते तयार असतात.

पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की क्लब बंद असतो. दसऱ्यानंतर मामांची बॅच लवकर भरते, नाव आधीच सांगून ठेवा. आणि साहेबांची बॅच सोडायची असेल तर प्रत्यक्ष जाऊन सांगा. फोनवर सांगितलेलं ते धरत नाहीत, नाव हजेरीत तसंच राहतं.