राउंड की बेल? अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी केअर सेंटर निवडताना

खोल्या, जेवण, डॉक्टरांची व्हिजिट हे सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखंच. खरा फरक पडतो तो डायपर कधी बदलतात यात. एक पद्धत राउंडची: ठरल्या वेळी, बहुधा दर 2 तासांनी, मावशी येऊन बघणार, कूसही बदलणार. दुसरी बेलची: लागलं की वाजवा, कोणीतरी येईल. बाबांना मी दोन्हीकडे ठेवलंय, म्हणून लिहितोय.

बेलची पद्धत पटकन पटते. माणसाचा मान राहतो, रात्री उगाच झोपमोड नाही. नाश्त्यानंतर पोट हलतं, तेव्हा बोलावल्याबरोबर कोणी कमोडवर बसवलं तर डायपर भरतच नाही.

पण इथेच घोडं पेंड खातं. बाबा बेल दाबायचे, मावशी यायची, पलंगाजवळचं बटण दाबून बेलमुळे बाहेर लागलेला दिवा बंद करायची आणि "आलेच हं बाबा" म्हणून निघून जायची. दिवा विझला म्हणजे काम झालं, असंच बाहेरच्या नर्सला वाटणार. पुन्हा बेल दाबायचा बाबांना संकोच. तसेच गप्प पडून राहायचे. मावशीला तरी काय बोलणार, अख्खा मजला तिच्या एकटीवर.

लघवी थोडा वेळ राहिली तर चांगले डायपर सांभाळून घेतात. संडास राहिली की मात्र नाही. त्यातली पाचकद्रव्यं लघवीने भिजलेल्या कातडीला जास्तच झोंबतात. जांघेत, माकडहाडापाशी लाल होऊन सोलायला लागतं. त्यावर साबणाने खसाखसा पुसलं तर विचारूच नका. कोमट पाणी, मऊ कापड, टिपून कोरडं करणं आणि झिंक ऑक्साइडच्या क्रीमचा पातळ थर. जाड लेप दिला तर डायपर ओल ओढत नाही.

राउंडवाल्यांकडेही आलबेल नसतं. तक्ता टेबलाशी बसून एका दमात भरलेला असतो, आणि दोन राउंडच्या मध्ये संडास झाली तर तीच गत. तरी ज्याला बोलता येत नाही किंवा लागल्याचं कळतच नाही, तो तिथे नजरेतून सुटत नाही. बाबांची लाली तिथेच ओसरली; राउंडमुळे की क्रीममुळे, ठामपणे नाही सांगणार.

तुमचं माणूस सावध आणि हक्काने मागणारं असेल तर बेलवालं जरूर बघा, फक्त दिवा काम झाल्यावर बंद करतात की आधीच, ते विचारून घ्या. नाहीतर मी राउंडवाल्यांकडेच झुकेन. आणि बघायला जायचं तर ड्यूटी बदलायच्या वेळी जा.